तूप, दूध आणि ओव्हनशिवाय गणपतीतले गोड: काय करता येईल?

माजघर (पुणे)

नमस्कार. यंदा गणपतीला माझा भाचा, त्याची पत्नी आणि दोन लहान मुले हॅम्बुर्गहून येत आहेत. चौघेही व्हिगन आहेत, म्हणजे दूध, तूप, खवा आणि मध यांपैकी काहीही खात नाहीत. घरात सासऱ्यांना मधुमेह आहे, आणि सणाच्या दिवशी सगळ्यांच्या ताटात गोड असताना त्यांचे ताट वेगळे ठेवणे मला जड जाते. त्यामुळे सर्वांना एकच गोड वाढता यावे, अशी इच्छा आहे. आमच्याकडे ओव्हन नाही आणि तो घेण्याचा विचारही नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. तूप न घालता लाडू किंवा साच्यातले मोदक नीट वळले जातात का? पावसाळी हवेत ते किती टिकतात? आणि साखरेऐवजी गूळ किंवा खजूर घातल्याने पदार्थ खरोखर आरोग्याला बरा होतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्याविषयी ऐकलेली मते एकमेकांशी जुळत नाहीत.

खिरापत (सातारा)

माजघरताई, आरतीनंतर हातावर मिळणारे पंचखाद्य आधी आठवावे. सुके खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. यात तूप नाही, दूध नाही आणि खोबरे-खसखस भाजण्यापलीकडे विस्तवही लागत नाही. आमच्याकडे खडीसाखर नावापुरतीच घालतात आणि गोडी खारकेच्या पुडीतून व तासगावच्या बेदाण्यांतून येते. खोबरे किसून मंद आचेवर भाजावे, खसखस वेगळी भाजावी, सर्व पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करावे. गरम असताना डब्यात भरल्यास वाफ धरते आणि आठवडाभरात त्याला कुबट वास येऊ लागतो. प्रसाद म्हणून एक चमचा हातावर द्यायचा असल्याने प्रमाणही आपोआप मर्यादित राहते.

वाळवंटी वारा (दुबई)

खिरापत यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि सिंगापूरमध्येही ती नेता येत नाही. या देशांत कोणाला घरचे पंचखाद्य पाठवायचे असेल, तर खसखस अजिबात घालू नये. आम्ही येथे तिच्याजागी भाजलेले तीळ घालतो, आणि ती चव आता आमच्या मुलांना सवयीची झाली आहे.

सोनचाफा (फोंडा, गोवा)

कोकण आणि गोव्यातील गोडाचा मोठा भाग नारळ, तांदूळ आणि गूळ या तिघांवरच उभा आहे, म्हणून व्हिगन पाहुण्यांसाठी काही नवे शोधण्याची गरज मला वाटत नाही. हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ थापून, त्यात चून म्हणजे नारळ-गुळाचे सारण भरून, पान दुमडून वाफवलेल्या पातोळ्यांत तूप लागतच नाही. आमच्याकडे त्या श्रावण-भाद्रपदात होतात आणि आमचे ख्रिस्ती शेजारी १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला त्याच पातोळ्या करतात. दिवाळीला केले जाणारे रोसातले फोव म्हणजे नारळाच्या रसात गूळ विरघळवून त्यात भिजवलेले पोहे. तेही याच जातीचे, आणि चुलीवर ठेवावेच लागत नाहीत.

रसाविषयी एक काळजी घ्यावी. नारळाचे घट्ट दूध खळखळून उकळले तर फाटते. गरम करायचेच असेल तर मंद आचेवर ढवळत राहावे आणि गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, आच बंद केल्यावर घालावा. गुळात खडे व चोथा असतो, त्यामुळे गाळणे टाळू नये.

आणि हॅम्बुर्गच्या मुलांना पातोळी वाढताना पान सोलून बाजूला ठेवायचे असते, हे आधी सांगावे. आमच्याकडे एका पाहुण्याने ते आवडीने खाल्ले होते.

गूळपट्टी (कोल्हापूर)

वळण्याच्या प्रश्नाचे उत्तर शेंगदाण्यात आहे. दाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेल असतो, त्यामुळे बाहेरून स्निग्ध काही घालण्याची गरज पडत नाही. माझे प्रमाण असे आहे: २५० ग्रॅम दाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले पाखडून, थोडे जाडसर कुटायचे, त्यात १५० ग्रॅम चिरलेला गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ घालून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवायचे. पात्याच्या उष्णतेने दाण्याचे तेल सुटू लागते आणि मिश्रण मुठीत दाबल्यावर धरते. त्याच क्षणी थांबावे, कारण पुढे फिरवत राहिल्यास तेल बाहेर येऊन लाडू बसके होतात. एवढ्यात २० ग्रॅमचे २० लाडू होतात.

गूळ फार पिवळाधमक घेऊ नये. रंग उजळण्यासाठी हायड्रोस नावाची पावडर वापरली जाते, आणि गडद तपकिरी गूळ तुलनेने त्या प्रक्रियेतून कमी गेलेला असतो. आमच्याकडच्या जुन्या गुऱ्हाळांत रसातील मळी वर आणण्यासाठी रानभेंडीच्या खोडाचे चिकट पाणी घालत असत, आणि काही ठिकाणी आजही घालतात. पावसाळ्यात दाणे निवडणेही महत्त्वाचे आहे. सुरकुतलेले, काळपट किंवा कुबट वास येणारे दाणे काढून टाकावेत, कारण अशा दाण्यांवरील बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

रानमेवा (नागपूर)

गूळ तरी कशाला? मी गेली काही वर्षे सर्व गोड केवळ खजुरावर करते. २०० ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर, १५० ग्रॅम भाजलेले बदाम-काजू आणि ५० ग्रॅम भाजलेले सुके खोबरे. सुकामेवा आधी एकटा भरडायचा, मग खजूर घालून गोळा होईपर्यंत फिरवायचे आणि साच्याला खोबऱ्याचा कीस लावून मोदक पाडायचे. खजूर कोरडा असेल तर दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून चांगला निथळावा. पाण्याचा अंश राहिला तर टिकाऊपणा कमी होतो. तूप नाही, दूध नाही आणि साखरेचा कणही नाही. मधुमेही माणसानेही निर्धास्त खावा असा हा पदार्थ आहे.

समतोल (नाशिक)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून रानमेवा यांच्या शेवटच्या वाक्याला थांबून उत्तर देणे मला आवश्यक वाटते. १०० ग्रॅम खजुरात साधारण ६५ ग्रॅम साखर असते. वरच्या प्रमाणात २० ग्रॅमच्या एका मोदकात १० ग्रॅम खजूर येतो, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम साखर. गूळपट्टी यांच्या २० ग्रॅमच्या दाण्याच्या लाडवात साडेसात ग्रॅम गूळ येतो आणि त्यातील साखरही साडेसहा-सात ग्रॅमच्या आसपास भरते. दोन्ही पदार्थ जवळपास सारखेच गोड आहेत. पांढऱ्या साखरेच्या १०० ग्रॅममागे सुमारे ३९० किलोकॅलरी मिळतात आणि गुळाच्या १०० ग्रॅममागे सुमारे ३८०; या फरकावर कोणाचे आरोग्य अवलंबून नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगले. २००० किलोकॅलरीच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. दाण्याचा एक लाडू या मर्यादेत सहज बसतो आणि त्यातून तीन ग्रॅमहून अधिक प्रथिनेही मिळतात. तिसरा-चौथा लाडू मात्र दिवसाचा २५ ग्रॅमचा वाटा संपवतो.

रानमेवा (नागपूर)

समतोल, आपल्या आकड्यांशी माझा वाद नाही, पण आपण खजूर आणि गूळ एकाच पारड्यात ठेवले हे मला मान्य नाही. खजुरात १०० ग्रॅममागे सात-आठ ग्रॅम तंतू असतात, गुळात ते जवळपास नसतात. आपण सांगितलेल्या सूचनेतही अख्ख्या फळातील साखर धरलेली नाही. मग खजुराचा मोदक सरस का नाही?

समतोल (नाशिक)

तंतूंचा मुद्दा रास्त आहे आणि अख्खा खजूर चावून खाणाऱ्याच्या बाबतीत मी तो पूर्ण मान्य करते. मात्र मोदकात खजूर वाटला जातो. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या व्याख्येत फळाची पेस्ट केली की त्यातील साखर वरून घातलेल्या साखरेसारखीच मोजतात, कारण वाटताना फळाची मूळ रचना मोडते आणि कमी वेळात जास्त खाल्ले जाते. चार अख्खे खजूर खाणारा माणूस सहसा तेथे थांबतो. तेवढाच खजूर पोटात असलेले मोदक मात्र गप्पांच्या ओघात केव्हा संपले ते कळत नाही. माझ्या मते खजुराचा मोदक जरूर करावा, पण ‘बिनसाखरेचा’ म्हणून मधुमेही माणसापुढे ठेवू नये. त्या एका शब्दामुळे हात सैल सुटतो.

माजघरताई, आपल्या सासऱ्यांसाठी माझी सूचना अशी की गोड जेवणाच्या शेवटी द्यावे, एकच द्यावे, आणि त्या जेवणातला भात किंवा एखादी पोळी तेवढी कमी करावी. उपाशीपोटी प्रसादाचे दोन मोदक आणि नंतर पूर्ण जेवण, हा क्रम त्यांच्यासाठी सर्वांत वाईट आहे. त्यांची औषधे चालू असतील, तर हे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

साजूक (सांगली)

माझे मत वेगळे आहे. घरच्या लोण्याचे कढवलेले तूप सणाला चार चमचे पोटात गेल्याने कोणाचे नुकसान होत नाही, आणि तुपावर परतलेल्या बेसनाचा वास दुसऱ्या कशालाही येत नाही. तूप गाळून त्याजागी खोबरेल ओतले म्हणजे पदार्थ आरोग्यदायी झाला, हे मी मानत नाही.

समतोल (नाशिक)

साजूक यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त, म्हणजे हृदयाला अपायकारक मानल्या जाणाऱ्या प्रकारचा असतो आणि तुपातील सुमारे ६० ते ६५ टक्के. त्यामुळे हृदयाचा विचार करून तुपाऐवजी खोबरेल वापरण्यात काही हशील नाही. तूप काढायचेच असेल तर त्याची जागा दाणे, तीळ, बदाम, काजू यांच्या स्वतःच्या तेलाने भरावी. एवढेच कशाला, वनस्पती तूपही दुधाशिवाय बनते. तेवढ्यावरून कोणी ते आरोग्यदायी म्हणणार नाही.

माजघर (पुणे)

साजूकदादा, आपल्या तुपाविषयी मलाही प्रेम आहे आणि गणपतीच्या नैवेद्यावर ते राहीलच. प्रश्न पाहुण्यांच्या पानाचा आहे. ते जीवदयेच्या विचाराने दूध-तूप सोडून आहेत आणि त्यांनी प्रत्येक पदार्थाला ‘यात काय आहे’ असे विचारत बसावे, अशी वेळ मला त्यांच्यावर आणायची नाही.

एक शंका आहे. उकडीच्या मोदकात उकडीला तूप घालतात, त्याचे काय करावे?

केळीचे पान (रत्नागिरी)

उकडीला तुपाऐवजी अर्धा चमचा तेल पुरते. त्याहून बरे म्हणजे उकडीच्या पाण्यात निम्मे पातळ नारळाचे दूध घ्यावे. पारी मऊ होते आणि वासही छान येतो. आंबेमोहोरासारख्या सुवासिक तांदळाच्या नव्या, बारीक पिठाला साधारण पिठाइतकेच पाणी लागते, मिठाची कणी विसरू नये, आणि उकड गरम असतानाच पाण्याचा हात लावून भरपूर मळावी. पारी फाटते ती तुपावाचून नाही, मळणे कमी पडल्याने फाटते.

सारणात दोन वाट्या ओल्या नारळाला सर्रास एक वाटी गूळ घेतात. तो पाऊण वाटीवर, नारळ गोड असेल तर अर्ध्या वाटीवर आणता येतो. जायफळ आणि खसखस थोडी वाढवली की कमी गोडी जाणवत नाही. आमच्या घरी मोदकावर तुपाऐवजी नारळाचा घट्ट रस घेणारेही आहेत.

एल्बकाठ (जर्मनी)

माजघरताई, आपला भाचा राहतो त्याच भागात मी राहते. येथे न भाजता केलेले केक लोकप्रिय आहेत: तळाला खजूर आणि अक्रोडाचा दाबून बसवलेला थर, वर रात्रभर भिजवलेले काजू, नारळाची साय, खोबरेल आणि लिंबूरस वाटून केलेला थर, आणि हे सर्व फ्रीझरमध्ये घट्ट करायचे. आंब्याचा रस घातला तर ते फार सुंदर लागते. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळते. आमच्याकडे ते बरणीत दगडासारखे असते आणि केक बाहेर काढला तरी उभा राहतो. पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो पंधरा-वीस मिनिटांत पसरेल. दुसरी म्हणजे त्यात काजू इतके असतात की एक फोड जवळपास एका जेवणाइतकी ऊर्जा देते. सणाला गर्दी असताना मी तो करणार नाही.

तसेच काही घट्ट बसवायचे असेल तर चायना ग्रास वापरावे. ते समुद्री शेवाळापासून बनते, तर जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून. चायना ग्रास पाण्यात चांगले उकळून विरघळवावे लागते, पण एकदा बसले की खोलीच्या तापमानाला वितळत नाही. आंब्याचा रस आणि नारळाचे दूध यांच्या वड्या त्यात उत्तम होतात, आणि रस गोड असल्याने साखर लागत नाही.

चौकस (ठाणे)

दुकानातून आणायच्या जिन्नसांविषयी लिहितो. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी असल्याचे सांगतो. त्यात दूध, तूप किंवा मध असू शकतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हिगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि त्यांचे हिरव्या व्ही अक्षराचे वेगळे चिन्ह आहे. गडद चॉकलेटमध्येही दुधाची पावडर किंवा बटर ऑइल असू शकते, म्हणून घटकांची यादी वाचावीच. आणि मोदकाला चांदीचा वर्ख लावू नये. पारंपरिक पद्धतीत तो जनावरांच्या आतड्याच्या थरांमध्ये कुटला जातो आणि दुकानात बघून ते ओळखता येत नाही.

भाकरतुकडा (रायगड)

नाचणीचे कोणीच लिहिले नाही! नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि दूध न घेणाऱ्या मुलांसाठी तिचे लाडू मला सर्वांत योग्य वाटतात. नाचणीचे पीठ कोरडेच मंद आचेवर रंग बदलून खमंग वास सुटेपर्यंत भाजायचे, त्यात दाण्याचे कूट, पॉलिश न केलेल्या तिळाचे कूट आणि गूळ घालायचा, आणि वळले जात नसेल तर घरीच वाटलेले दाण्याचे लोणी चमचाभर. सालासकट असलेल्या तिळात कॅल्शियम पांढऱ्या तिळापेक्षा खूप जास्त असते.

न भाजता करायच्या पाककृतींत हल्ली कच्चे पीठ तसेच मळायला सांगितलेले दिसते, ते करू नये. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि ते पचायलाही जड जाते. पोह्यासारखे चपटे ओट्स कारखान्यात वाफवलेले असल्याने चालतात. नाचणी, बेसन, कणीक मात्र भाजूनच घ्यावी.

साजूक (सांगली)

भाकरतुकडा यांची पद्धत वाचून मला आमच्याकडचे राजगिऱ्याचे लाडू आठवले. फुलवलेला राजगिरा आणि गुळाचा पाक, बाकी काही नाही. तूप नसूनही ते मला आवडतात, हे येथे नोंदवतो. पावसाळ्यात ते सादळतात, एवढी एक अडचण आहे.

मधला मार्ग (मुंबई)

साखर-गुळाऐवजी स्टेव्हियाच्या गोळ्या घालून सर्वच प्रश्न सुटत नाही का?

समतोल (नाशिक)

वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडकारकांवर अवलंबून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुचवले. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्या व्यक्तींसाठी नव्हती. त्यामुळे माजघरताईंच्या सासऱ्यांच्या चहात गोळी असेल तर ती राहू द्यावी. पण लाडवात गूळ गोडीबरोबर चिकटपणा आणि वजनही देतो. तो पूर्ण काढला तर लाडू वळणार नाही आणि रिकामी जागा पुन्हा कोणत्या तरी पिठाने किंवा मेदाने भरावी लागेल. त्यापेक्षा लाडू सुपारीएवढा वळावा.

माजघर (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. मी असे ठरवले आहे: पहिल्या दिवशी उकडीचे मोदक, केळीचे पान यांच्या पद्धतीने आणि पाऊण वाटी गुळात, आरतीला पंचखाद्य, मुलांसाठी नाचणीचे लाडू आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दाण्याचे छोटे लाडू. हळदीची पाने मंडईत मिळाली तर गौरीच्या दिवशी पातोळ्या करीन. खजुराचे मोदकही थोडे करणार आहे, पण सासऱ्यांना त्यांविषयी समतोल यांनी सांगितले तसेच सांगेन. यांतले आधी काय करून ठेवता येईल, तेवढे सांगावे.

गूळपट्टी (कोल्हापूर)

दाण्याचे आणि नाचणीचे लाडू पूर्ण कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे चांगले राहतात, पंचखाद्यही तसेच. खजुराचे मोदक बाहेर चार-पाच दिवस आणि फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे. ओल्या नारळाचे काहीही त्याच दिवशी संपवावे. सारण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येते, उकड मात्र ताजीच हवी. अक्रोड किंवा जवसाची पूड कशातही घालणार असाल तर ती ऐनवेळी करावी, कारण ती लवकर खवट होते.

समतोल (नाशिक)

शेवटची एक विनंती. या यादीतील बहुतेक पदार्थांत दाणे, तीळ, काजू किंवा बदाम आहेत आणि काही मुलांना त्यांची तीव्र ॲलर्जी असते. पाहुण्यांच्या मुलांबद्दल आधी फोनवर विचारून घ्यावे, दर्शनाला येणाऱ्यांसाठी प्रत्येक डब्यावर घटकांची चिठ्ठी लावावी, आणि पंचखाद्यासाठी वेगळा चमचा ठेवावा.

माजघर (पुणे)

आत्ताच भाच्याला विचारले. धाकट्याला काजू चालत नाही, दाणे आणि तीळ चालतात. रानमेवा, आपल्या मोदकांत काजूऐवजी भोपळ्याच्या बिया घातल्या तर वळतील का?

रानमेवा (नागपूर)

वळतील. बिया हलक्या भाजून, गार करून, काजूपेक्षा बारीक भरडाव्यात आणि खोबरे दोन चमचे वाढवावे. त्यांचा रंग हिरवट येतो, मुलांना तो आवडतो. बदाम चालतात का, तेही भाच्याला विचारून घ्या. नसतील तर त्यांच्याजागीही बियाच घाला. आणि मिक्सरच्या भांड्यात आधी काजू वाटले असतील तर ते भांडे, पाते आणि झाकणाची रबरी कडी साबणाने धुऊनच हे वाटण करा.